बगळ्यांना मोजता येत नाही

१

बगळ्यांना मोजता येत नाही. विणीच्या दिवसांत त्यांचे फोटो काढणाऱ्यांचं सगळं काम या एका गोष्टीवर चालतं.

पाण्याच्या काठाशी फळ्यांची एक खोली असते, तिला लपण म्हणतात. दोन माणसं लपणात शिरताना पाहिली आणि त्यातलं एक निघून जाताना पाहिलं, की बगळ्यांच्या लेखी लपण रिकामं. आत कोणी उरलंय हा हिशेब त्यांच्या डोक्यात शिरतच नाही. एकटा माणूस आत गेला तर मात्र तासन् तास माना ताठ, पंख अर्धे उघडे, घरट्यावर बसायचं नाव नाही. अंडी गार पडतात आणि कावळे तर टपलेलेच असतात. म्हणून शहाणा माणूस सोबत कोणालातरी नेतो, त्याला परत पाठवतो, आणि संध्याकाळी न्यायला बोलावतो. मधल्या वेळात दार उघडायचं नाही. रिकाम्या खोलीतून माणूस उगवला, तर पाखरं ती जागाच सोडून जातात.

तिला सगळे बगळेबाई म्हणत. तोंडावरही म्हणत, आणि तिला त्याचं काही वाटत नसे. तिचा सोबती म्हणजे तिचा नवरा. तळ्याच्या बांधावर पाणीपुरवठ्याचं पंपघर होतं, तिथे तो कामाला. सकाळी तिला लपणात सोडायचं, तसंच पुढे कामावर जायचं आणि सुटल्यावर न्यायला यायचं, हा लग्नानंतरच्या पहिल्याच वसंतापासूनचा परिपाठ.

"लोकांच्या बायका नवऱ्याला बाजारात पिशव्या धरायला नेतात," तो म्हणायचा. "आमची बगळ्यांना फसवायला नेते."

संध्याकाळी आला की तो खिशातल्या पान्ह्याने दारावर दोनदा वाजवायचा. टक टक. बाकी बोलणं नाही. बोलायची गरजही नसे, कारण फळ्यांच्या वाटेवर त्याचं पाऊल पडलं की समोरची झाडं आधीच कल्लोळ करून उठलेली असायची.

गेल्या वसंतात तो तिला सोडून निघाला आणि पंपघरात पोहोचलाच नाही.

चौकशीला आलेल्या अधिकाऱ्याने विचारलं, "तुम्ही त्यांना जाताना पाहिलंत?"

"पाहिलं कसं असणार? दार बंद होतं. पण ते गेले. बगळे लगेच शांत बसले ना."

अधिकारी गोंधळला, तेव्हा तिने त्याला सगळं समजावून सांगितलं. त्याला ते पटलं. इतक्या खात्रीने सांगितलेलं कोणालाही पटलं असतं. मग शोध सुरू झाला तो रस्त्यापासून पुढे. बसथांबे झाले, दवाखाने झाले, नातेवाईक झाले, दुसऱ्या गावातली त्याच्या जुन्या दोस्ताची खानावळसुद्धा झाली. तळ्यात कोणी उतरलं नाही. तळ्यातून माणूस बाहेर पडला होता, याला पाखरांची साक्ष होती.

२

या वसंतात ती एकटीच गेली. अर्धा दिवस वाया जाणार हे धरूनच गेली.

बांधावरून उतरलं की दलदलीवर टाकलेल्या फळ्यांची वाट लागते. एका वेळी एकच माणूस जाईल एवढी. दोन्ही बाजूंना माणसापेक्षा उंच लव्हाळं, खाली काळा चिखल. लपणापासून तिसरी फळी सैल होती, तिच्यावर पाय पडला की ती कुरकुरायची. नवरा दरवर्षी म्हणायचा, पुढच्या वर्षी ठोकून टाकू.

ती दिसताच राखी बगळे उठले. पाण्यात उभी वाळकी झाडं, त्यांच्यावर काटक्यांची घरटी, आणि वर घशातून खाकरल्यासारखे आवाज करत फिरणारी ती मोठी पाखरं. ती आत शिरली, कडी लावली, स्टुलावर बसली. लपणात अजून गेल्या वर्षीचाच वास होता, ओल्या लाकडाचा आणि जुन्या गोणपाटाचा. तिने पिशवीतून लेन्स काढायला घेतली.

बाहेर एकदम शांत झालं.

तिने खिडकीच्या फटीला डोळा लावला. बगळे घरट्यांवर उतरले होते. एकाने मान आखडून घेतली होती, एक चोचीने काटकी नीट करत होता. समोरच्या घरट्यातली मादी तर अंड्यांवर अशी निवांत बसली होती की जणू कोणी आलंच नव्हतं. किंवा आलं होतं, आणि गेलं होतं.

बगळेबाईला आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. लेन्स हातात तशीच राहिली. सवयीची झाली असतील, ती मनाशी म्हणाली. वर्षानुवर्षं बघतायत मला, ओळखत असतील. पण गेल्याच्या गेल्या वर्षी नवरा आजारी होता तेव्हा ती एकटी आली होती, आणि दुपारपर्यंत एकही पाखरू खाली आलं नव्हतं. हे तिला आठवलं आणि तिने ते बाजूला सारलं.

उन्हं कलायला लागली तेव्हा दारावर आवाज झाला. टक टक.

ती दाराकडे नाही, खिडकीकडे वळली. समोर एकाही बगळ्याने मान वर केली नव्हती. म्हणजे फळ्यांवर कोणी नव्हतं. लाकूड दिवसभर तापतं, ऊन उतरलं की आकसतं, वाजतं. गेल्या वर्षी त्या दिवशीही असंच वाजलं होतं. तिला वाटलं होतं नवरा आला. तिने दार उघडलं तर कोणी नाही. मग अंधारून येईपर्यंत वाट पाहून, मनातल्या मनात त्याची खरडपट्टी काढत ती एकटीच घरी गेली होती. हे तिने अधिकाऱ्याला सांगितलं नव्हतं. लाकूड वाजलं हे का कोणी जबाबात सांगतं?

तिने कडी काढली. वाट मोकळी होती. फळ्या दिवसभराच्या उन्हाने पांढऱ्या पडल्या होत्या. फक्त दाराला लागून असलेली पहिली फळी ओली होती, आणि पाणी अजून फटींतून खाली ठिबकत होतं.

३

"आई, तुझं लेन्सचं झाकण तुझ्याच गळ्यात लोंबतंय," लेक म्हणाली. "मघापासून पिशवी उलटीपालटी करतेयस. काखेत कळसा नि गावाला वळसा."

लेक चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची. घरी आल्यावरही तिची नजर तशीच असायची, समोरच्याला नेमकं कुठपर्यंत दिसतंय ते जोखणारी. बाप गेल्यापासून त्या घरात दोघीच होत्या. त्याचे कामाचे सदरे लेकीने गाठोडं बांधून माळ्यावर टाकले होते.

"आज एकटी गेलीस ना तिथे?"

"तू येत नाहीस म्हटल्यावर एकटीच जाणार."

"मला ती जागा नको वाटते. तिथून माणूस आपल्याला सोडून चालायला लागला, आणि मी तिथे पाखरं बघायला येऊ?"

"असं बोलू नये गं. तुझे बाबा आहेत ते."

"मग कुठे आहेत?" लेक शांतपणे म्हणाली. "तूच सांगितलंस ना सगळ्यांना, गेले म्हणून? तू नसतीस सांगितलं तर मी म्हटलं असतं, काहीतरी झालं असेल. रडले असते आणि मोकळी झाले असते. पण तुझे बगळे खोटं बोलत नाहीत. म्हणजे गेले. एक शब्द न बोलता."

वर्षभर बगळेबाई याच कात्रीत होती. बगळे खरे, तर नवरा पळपुटा. आणि बगळे खोटे, तर? त्या वाक्याचं दुसरं टोक तिने कधी मनातसुद्धा उच्चारलं नव्हतं.

मग तिने लेकीला आजचं सांगितलं. लगेच शांत बसलेली पाखरं, दारावरचा आवाज, ओली फळी. सांगताना ते तिला स्वतःलाच पोरकट वाटलं.

लेकीने ऐकून घेतलं. तिचा आवाज मऊ झाला. "आई, तू वर्षभर जेवतेस अर्धं आणि झोपतेस त्याहून अर्धं. लाकूडच वाजलं ते. उद्या मला सुट्टी आहे, मी येते तुझ्याबरोबर. तुला सोडते आणि परत फिरते. बघच तू, तिथून माणूस चालत बाहेर पडतो, रस्त्याला लागतो आणि सरळ घरी येतो. इतकं साधं असतं ते. मग तरी त्या दाराला कान लावून बसायचं सोडशील ना?"

"सोडेन," आई म्हणाली. लेक सोबत येतेय या एका गोष्टीनेच तिचा जीव हलका झाला होता.

४

सकाळी लेकीने स्कूटर पंपघराशी लावली. तिच्या बापासोबत ज्याने वर्षानुवर्षं एकाच डब्यातलं खाल्लं, तो जोडीदार पंपवाला दारात उभा राहून तोंड धूत होता.

"या वहिनी. आज लेकीला फसवून आणलंत वाटतं?"

"तीच मला घेऊन आलीय."

लेक हसली आणि कॅमेऱ्याची तिपायी खांद्यावर टाकून बांधावरून पुढे निघाली. पंपवाल्याने टॉवेलने तोंड पुसलं, ती जरा लांब जाईपर्यंत थांबला.

"वहिनी, एक विचारू का? रागावणार नसाल तर."

"विचारा की."

"तुम्ही दोघं आत जायचात तेव्हा बगळे उठायचे. इथूनसुद्धा ऐकू यायचं, एवढा गोंधळ. मग हा बाहेर निघाला की पुन्हा उठायचे. दुसऱ्यांदा उठले की मी चहा टाकायचो, म्हणजे हा येईपर्यंत उकळलेला असायचा." तो टॉवेलची घडी घालत राहिला. "त्या दिवशी मी चहा टाकलाच नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे एकदाच उठले असावेत. आता, पंप चालू होता, मी चुकलोही असेन. पण चहा टाकला नव्हता एवढं पक्कं आठवतंय."

"वर्षभर बोलला नाहीत ते?"

"काय बोलणार? तुम्ही इतक्या खात्रीने सांगत होतात. पाखरांतलं तुम्हाला कळतं, मला काय कळतं?"

बगळेबाई बांधावर उभी राहिली. त्या दिवशी आत बसून तिने काय ऐकलं होतं ते आठवायचा तिने प्रयत्न केला. आत जाताना उठले होते. नवऱ्याने दार ओढून घेतलं होतं. ती तिपायीचे स्क्रू आवळत होती. आणि मग शांत. मध्ये काही होतं का? कित्येक वर्षांच्या सकाळी एकमेकींत मिसळून गेल्या होत्या, त्यातली एक वेगळी काढता येईना.

"आई, ऊन वर येतंय!" लेक फळ्यांवरून ओरडली. ती अर्ध्या वाटेवर पोहोचली होती, आणि वर बगळे उठले होते.

परत फिर, असं ओरडायला तिने तोंड उघडलं. पण ओरडायचं कशासाठी? एका माणसाने वर्षापूर्वी चहा टाकला नाही म्हणून? आणि समोर सकाळचं ते ऊन होतं, तिरपं, पिवळं, पंखांतली एकेक शीर दाखवणारं. ती लेकीच्या मागे निघाली.

५

"एवढ्याशा खुराड्यात दिवसभर बसतेस?" लेक आत येऊन म्हणाली. तिने फटीतून बाहेर पाहिलं, आणि बराच वेळ पाहत राहिली. "छान आहेत गं."

"मग इतकी वर्षं काय सांगतेय?"

"ते बघ, कसा पाय दुमडून उभा राहिलाय. बाबा तोंडात घास असताना असेच बघायचे." तिला हसू आलं. वर्षभरात बापाचं नाव रागाशिवाय पहिल्यांदाच तिच्या तोंडी आलं होतं. बगळेबाईच्या डोळ्यांत पाणी आलं, ते लपवायला ती लेन्स पुसायला लागली.

"चल, निघते. संध्याकाळी येते. दोनदा वाजवायचं ना, त्यांच्यासारखं?" लेकीने बोटातल्या अंगठीने चौकटीवर वाजवून दाखवलं. टक टक. बारीक, हलका आवाज. "माझ्याकडे पान्हा नाही, याच्यावरच भागवून घे."

"सावकाश जा. तिसरी फळी सैल आहे."

"माहितेय गं, आई."

दार लागलं. बगळेबाईने कडी घातली आणि तशीच दाराशी उभी राहिली. पहिली फळी. दुसरी फळी. मग तिसरी कुरकुरली.

पुढचं पाऊल तिला ऐकू आलं नाही.

ती खिडकीकडे धावली. आता उठतील. आता ती लव्हाळ्याच्या पलीकडे, झाडांच्या समोर येईल आणि हे सगळे कल्लोळ करून उठतील. तिने एकेका घरट्याकडे पाहिलं. वर फिरणारे बगळे खाली येत होते. एक उतरला, दुसरा उतरला. पंख मिटले, माना आखडल्या. समोरच्या मादीने अंगाखालची अंडी चोचीने सारखी केली आणि डोळे अर्धे मिटले.

बगळे शांत बसले.

तिचा हात कडीवर गेला. आणि तिथेच थांबला. लेकीचं पाऊल हलकं आहे, ती मनाशी म्हणाली. बापासारखं धपधप चालत नाही ती. पाखरांना कळलंही नसेल. आता दार उघडलं तर रिकाम्या खोलीतून माणूस उगवल्यासारखं होईल, सगळी वसाहत उठेल, ऐन अंडी फुटायच्या वेळी. आणि बाहेर ती बांधावरून चाललेली दिसली, तर संध्याकाळी माझी काय थट्टा करेल. सोडेन म्हणालीस ना, आई?

तेवढ्यात लांब रस्त्यावर स्कूटरचा आवाज आला. ती बघ, तिचीच. त्या रस्त्याने दिवसभर स्कूटरी जातात, हे तिला माहीत होतं. तरी तिने ती लेकीची धरली, आणि कडीवरचा हात काढला.

फोन लावून बघायचा विचारही तिच्या मनात आला. पण तळ्याच्या त्या खोलगट भागात रेंज यायची नाही, कधीच आली नव्हती.

जरा वेळाने समोरच्या घरट्यातली मादी उठून बाजूला झाली. एका निळसर अंड्याला तडा गेला होता. तड्यातून चोचीचं इवलंसं टोक बाहेर आलं, थांबलं, पुन्हा आलं. इतक्या वर्षांत बगळेबाईला हे एवढ्या जवळून, एवढ्या उजेडात कधी मिळालं नव्हतं. तिने कॅमेऱ्याला डोळा लावला आणि बाकी सगळं विसरली. एक पिल्लू आलं, ओलं, केस पिंजारलेलं, भयंकर कुरूप. मग दुसरं. नर चोचीतून मासा घेऊन आला. कोणी बिचकलं नाही, कोणी उडालं नाही. डबा तसाच राहिला, पाणी प्यायचं राहिलं.

ती सुखात होती. गेल्या वर्षीचा तो दिवसही असाच गेला होता, तिचे सगळ्यात चांगले फोटो त्याच दिवशीचे, हे तिला आठवायला दुपार उलटावी लागली.

६

उन्हं कलली तशी ती कॅमेरा सोडून बसली.

आता ती फोटो काढत नव्हती, नुसती बगळ्यांकडे बघत होती. सगळा जन्म तिने या पाखरांनी शांत बसावं म्हणून धडपड केली होती. आता तिला ती उठायला हवी होती. लेक बांधावरून उतरेल, फळ्यांच्या वाटेवर पाय ठेवेल, आणि उठतील. लेन्समधून ती एकेक मान तपासत होती. उठा गं बायांनो, ती मनात म्हणत होती. एकदा उठा. सगळी घरटी मोडलीत तरी चालेल, पण उठा.

त्या उठल्या नाहीत. झाडांच्या सावल्या पाण्यावर लांबल्या. पिल्लं आईच्या पोटाखाली गेली.

तिला पंपवाल्याचा चहा आठवला, बसथांबे आणि दवाखाने आठवले. दुसऱ्या गावातल्या खानावळीत जाऊन आपण नवऱ्याचा फोटो दाखवत फिरलो, तेही आठवलं. मग लेकीचं ते हसून म्हटलेलं वाक्य, काखेत कळसा. तिने दोन्ही हात तोंडावर घट्ट दाबून धरले.

पाठीमागे तिसरी फळी कुरकुरली.

तिने मान वळवली नाही. डोळे बगळ्यांवरच ठेवले. समोरच्या मादीने चोच पिसांत खुपसली होती. शेजारच्या झाडावर एक नर एका पायावर उभा होता, अर्धा झोपलेला. वाटेवर कोणी आलेलं त्यांच्या गावीही नव्हतं.

दुसरी फळी. पहिली. दाराच्या खालच्या फटीतून पाणी आत आलं, जमिनीच्या फळीवर हळूहळू पसरलं आणि तिच्या स्टुलाच्या पायाशी येऊन थांबलं. आणि लाकडावर लोखंड वाजलं.

टक टक.

लाकूड आकसतं, असं म्हणायला तिने ओठ हलवले. ऊन उतरलं की लाकूड वाजतं. आपण दार उघडायचंच नाही. लेक येईपर्यंत थांबायचं. ती आली की पाखरं उठतील, मग उघडायचं. आपण नियमाने वागायचं.

तिने वाट पाहिली. बगळे झोपत होते.

मग दारावर पुन्हा वाजलं. या वेळी जरा खालून, बारीक आणि हलकं, जसं बोटातली अंगठी लाकडाला लागावी.

टक टक.

बगळेबाई उठली. पाय ओल्या फळीवर पडले, गार लागलं. तिने एक हात दारावर टेकला. पलीकडून कोणी टेकलं असावं तसं दार जड लागत होतं.

"आले गं," ती म्हणाली.

तिच्या त्या एवढ्याशा आवाजाने समोरच्या झाडांवरच्या साऱ्या माना एकदम ताठ झाल्या, आणि लपणाकडे वळल्या. तिने कडी काढली.